सगळ्यात कच्चा तुकडा

आमचे हे दोर बनवतात आणि मी ते तोडते, एकाच कारखान्यात. तरी संसार टिकलाय, यातच काय ते समजा.

यंदा ह्यांनी उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांसाठी नवा दोर काढला होता, जुन्याहून बराच हलका. माझे धाकटे दीर तेच काम करतात. सोमवारपासून त्यांना हा दोर द्यायचं ह्यांनी कबूलही करून टाकलं होतं. राहिली होती फक्त माझी चाचणी. आपला तो बाब्या, त्यामुळे निकालाची ह्यांना काळजीच नव्हती.

दहा तुकडे मी यंत्रावर ताणून तोडले आणि आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडले. नऊ तुकडे एकवीसशे पन्नास ते तेवीसशे दहा किलोंच्या दरम्यान तुटले होते. ओळीच्या सुरुवातीला मात्र एकटाच सोळाशेवाला, वर्गाबाहेर उभा केल्यासारखा.

"पकड घसरली असेल," हे म्हणाले. "आणि आमची पद्धतच आहे, पहिला आणि शेवटचा आकडा सोडायचा, उरलेल्यांची सरासरी काढायची."

"गाण्याच्या स्पर्धेत काढा तशी. भाऊजी काय सरासरीवर लटकणार आहेत?"

"अगं, पण असला आगाऊ आकडा ओळखायचा नियम तुझ्याच गणितात आहे ना?"

आहे. इथंच तर घोडं पेंड खात होतं. मी त्यांच्यासमोर हिशेब केला. सगळ्यात लहान आकडा आणि त्याचा शेजारी यांच्यात अंतर किती, ते घ्यायचं आणि सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा यांच्यातल्या अंतरानं भागायचं. दहा तुकड्यांना उत्तर अर्ध्याच्या वर गेलं की समजायचं, हा बाकीच्यांतला नव्हे. उत्तर पाऊणच्याही वर गेलं.

ह्यांचा चेहरा असा खुलला की मला वाईटच वाटलं. "बघ, गणितच म्हणतंय, तो आमच्यातला नाही."

"बाकीच्या नवांसारखा नाही, एवढंच म्हणतंय. पकड मी तपासलीय, घसरलेली नाही. तुकडा तुमच्याच यंत्रातून आलाय. तो वेगळा का निघाला ते सांगा आणि मग खुशाल सोडून द्या."

हे नाकावर माशी बसू न देणारे. तुकडा उचलून तरातरा निघून गेले, जेवायलाही आले नाहीत. दुपारी परतले ते त्याचा पीळ सोडवूनच. आतल्या एका पदरात जोड होता. रीळ संपलं की यंत्र नवा धागा जोडतं, हे नेहमीचंच. पण दोर हलका करायच्या नादात ह्यांनी पदर कमी केले होते, आणि कच्च्या जोडाला सांभाळून घ्यायला शेजारी कुणी उरलं नव्हतं.

चिडवायची इतकी सुंदर संधी मी कधी सोडली नसती. पण हे सकाळपासून उपाशी होते. मी त्यांचा डबा पुढे सरकवला.

तेवढ्यात भाऊजींचा फोन आला, ह्यांनी तो स्पीकरवर घेतला. "दादा, सोमवारचं नक्की ना? जुना दोर ओढून खांदे गेले माझे."

"नाही. जुनाच वापर."

"वहिनीनं अडवलं वाटतं?"

"मी अडवलंय. दहांतला एक सोळाशे किलोला तुटला."

"सोळाशे?" भाऊजी हसले. "माझं वजन सत्तर आहे रे. पुष्कळ झालं की."

ह्यांनी माझ्या ओळीतल्या पहिल्या आकड्याकडे पाहिलं. असा अभिमान मला त्यांच्या कुठल्याच दोराचा वाटला नव्हता.

"ते दहाही आता तुटलेत," हे म्हणाले. "तुझ्या कमरेला असेल तो अकरावा."