ठकीची दुपारची झोप

नवराबायकोचं फाटलं तेव्हा ठकी सात महिन्यांची होती. आई तिला घेऊन भावाकडे राहायला गेली. ठरलं ते असं, की बापाचं सलून बंद असतं त्या दिवशी ठकी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे.

सकाळ मजेत जायची. ठकी बापाचं नाक ओढायची, चमचे आपटायची. दुपारी डोळे जड झाले की मात्र मान वळवून त्याच्या शर्टात काहीतरी शोधू लागायची. अंगावर पिता पिताच झोपणारी पोर ती.

"बाटलीत काढून दिलंय," आईने पहिल्याच दिवशी दारात सांगितलं होतं. "पण त्याने पोट भरेल, झोप नाही येणार."

बापाने मोठ्या बहिणीला बोलावून घेतलं. ताईने दोन पोरं वाढवलेली.

"पेंगायच्या आधीच दूध दे," ती म्हणाली. "मग पडदे ओढ, खांद्यावर घे, एकच गाणं म्हण. रोज तेच. हळूहळू लागते सवय."

"रोज कुठून आणू, ताई? आठवड्यातून एकदा येते ती."

ताईने उठून पडदे ओढून दाखवले.

तरी त्याने सगळं केलं. येत होतं ते एकुलतं एक गाणं म्हणून म्हणून घसा बसवला. सलूनमध्ये त्याने डोक्याला मालिश सुरू केली की भलेभले खुर्चीतच घोरायला लागत. त्याच बोटांनी तो ठकीच्या कपाळावरून भुवयांपर्यंत हात फिरवायचा. ठकी ते बोट धरून तोंडात घालायची, दोनदा चोखायची आणि कुणी फसवल्यासारखी रडायची.

एका दुपारी मात्र ती खांद्यावर शांत झाली. श्वास संथ झाला. बाप भिंतीला टेकून उभाच राहिला. ताईने स्वयंपाकघरातून खुणेनेच विचारलं, त्याने खुणेनेच हो म्हटलं. पाय भरून आले तेव्हा त्याने अगदी जपून तिला गादीवर टेकवलं. ठकीने डोळे उघडले. हसेल म्हणून तो वाकला, आणि तिने जो टाहो फोडला तो थांबेचना. हुंदक्यांत सगळं दूध उलटलं. शेवटी ताईनेच आईला फोन केला.

आई औषधांच्या दुकानातून तशीच धावत आली, कामावरचा कोट अंगातच. खाटेच्या कडेला पाठ फिरवून बसली आणि ठकीला जवळ घेतलं. आवाज बंद. बाप पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता.

"तू काही कमी केलंस असं नाही," ती हळू म्हणाली. "पण हाल होतात रे तिचे. जरा मोठी होऊ दे, मग आण."

"मोठी म्हणजे?"

"दूध तुटलं की."

"कधी तुटेल?"

"मला तरी काय माहीत?"

आता हा भांडणार, असं ताईला वाटलं. त्याने ठकीची दुपटी घडी करून पिशवीत भरली, बाटली विसळून वर ठेवली आणि खाली रस्त्यापर्यंत पिशवी उचलून नेली.

पुढच्या सुट्टीला त्याने सलून उघडलं. ताईने विचारलं तर म्हणाला, "घरी बसून काय करू?"

ठकीचं दूध तुटल्याचं त्याला खूप उशिरा, तेही गिऱ्हाइकाकडून कळलं. तो भेटायला गेला तेव्हा ती चालायला लागली होती. त्याला बघितलं आणि मामाच्या पायामागे जाऊन लपली.

"ओळख विसरली वाटतं," मामा हसत म्हणाला.

बापही हसला.