काशाच्या वाट्या

कस्टमच्या इन्स्पेक्टरबाईंनी पात्याने खोक्याची पट्टी उभी फाडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काशाच्या वाट्या एकेक करून टेबलावर मांडल्या. ओक्बुनचं ओसाकातलं सगळं घर तेवीस खोक्यांत बुसानच्या धक्क्यावर उतरलं होतं. त्यातलं हे सातवं.

“या कुणाच्या?”

“आईच्या,” ओक्बुन म्हणाली. “श्राद्धाच्या आहेत.”

“आई कुठे आहेत?”

“गेली. फेब्रुवारीत.”

बाईंनी यादीतली एक ओळ खोडली. “मग या तुमच्या घरसामानात धरता येणार नाहीत, मावशी. वारशाचा वेगळा अर्ज भरा. सगळ्या वारसांच्या सह्या लागतील.”

“द्या इकडे,” मानगी पुढे झाला. सकाळपासून तो याच एका खोक्याची चौकशी करत होता. “मुलगा आहे मी. श्राद्ध माझ्याच घरी व्हायचंय.”

नऊ वर्षं आईचं हगणंमुतणं ओक्बुनने काढलं होतं. हा धाकटा भाऊ मातीलाही आला नव्हता, आणि आता वाट्यांवर हात ठेवून उभा होता.

मानगीने नाव लिहिलं, नातं लिहिलं. मृत्यूच्या तारखेच्या रकान्यात वर्ष घातलं, महिना घातला. मग पेन थांबलं.

“ताई, तारीख?” त्याने हळूच विचारलं.

तिने वाट्यांभोवतीच्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालायला घेतल्या.

“ताई, लोक बघतायत.”

“बघू देत. मुलगा तू. मला काय विचारतोस?”

“तारखेशिवाय अर्ज घेता येत नाही,” बाई म्हणाल्या.

ओक्बुनने त्याच्या हाताखालचा कागद ओढून घेतला आणि चुरगाळून पिशवीत कोंबला.

“वाट्या माझ्या आहेत,” ती बाईंना म्हणाली. “आईच्या म्हणायची नुसती सवय. तीस वर्षं दर सणाला मीच काढल्यात, मीच घासल्यात.”

बाईंनी दोघांकडे पाहिलं. एक वाटी उलटी करून तिच्या झिजलेल्या बुडावरून अंगठा फिरवला. मग खोडलेली ओळ पुन्हा लिहिली : वापरातली भांडी, स्वतःची.

बाहेर मानगीने सगळी खोकी टेम्पोत चढवली. शेवटचं ठेवून तो धापा टाकत उभा राहिला.

“मग श्राद्ध?”

“माझ्याकडे,” ओक्बुन ड्रायव्हरशेजारी चढून बसली. “आदल्या दिवशी फोन करीन.”

तिने दार ओढून घेतलं आणि काच थोडी खाली केली.

“या वेळी उचल.”