डावी बाजू

छर्‍याचा मागचा घेर जराही चेपलेला असला तर तो बाजूला काढायचा, असं नेमबाजीच्या प्रेमसिंग सरांनी सांगितलं होतं, आणि म्हणून साधना सकाळपासून खिडकीच्या उजेडात बसून डबीतला एकेक छर्रा चिमटीत धरून फिरवत होती — डोकं सपाट, मधे बारीक कंबर, मागे परकराचा घेर, आणि सगळा मिळून जोंधळ्याच्या दाण्याएवढा जीव — हा चांगला, हाही चांगला, हा... हा चेपलेला आहे की नाही? तिनं तो आणखी जवळ आणला, इतका की पापणीला टेकला. चेपलेला नव्हता. तरी तिनं तो बाजूला ठेवला. आज तिचा कशावरच भरवसा बसत नव्हता.

पिशवी तीनदा भरून झाली होती आणि तीनदा रिकामी. पिशवी म्हणजे सेनगावच्या ज्या सेतू केंद्रात ती लोकांचे सातबारे काढून देते तिथली जुनी लॅपटॉपची बॅग, चेन अर्ध्यावर अडणारी. सरांनी एका वापरलेल्या टार्गेटच्या पाठीवर यादी लिहून दिली होती. छर्‍यांची डबी, कानात घालायचे बोळे, पिस्तुलाच्या नळीतून आरपार ओवायची केशरी दोरी, हात पुसायचा पंचा, सपाट तळाचे बूट, आधार कार्डाची झेरॉक्स... पिस्तूल यादीत नव्हतं, ते क्लबचं, हिंगोलीत कुलपात असतं. म्हणजे खरं महत्त्वाचं ते पिशवीत नव्हतंच. आणि तरी तिला सारखं वाटत होतं की काहीतरी राहिलंय. बूट खाली ठेवले तर डबी वर येते, डबी खाली ठेवली तर चष्मा कुठं? चष्मा ती शेवटी ठेवायची आणि पहिल्यांदा काढायची.

चष्मा हरीशनं दिलेला. हरीश हिंगोलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. आठ महिन्यांपूर्वी दोघांची सुपारी फुटली, वैशाखात लग्न. साधना नेमबाजी शिकते म्हणल्यावर त्याच्या घरी कपाळाला आठ्या पडतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण हा पठ्ठ्या डेपोभर सांगत सुटला, आणि कुणाकडून तरी ऐकून पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकरवी हा खास चष्मा मागवून घेतला. त्याच्या डाव्या काचेवर दुधी प्लॅस्टिकची एक पट्टी. नेम धरताना उजव्या डोळ्यानं बघायचं. डावा उघडाच ठेवायचा, पण त्याला काही दिसू द्यायचं नाही — त्यासाठी ती पट्टी.

साधनाला त्या पट्टीची गरज नव्हती. तिच्या डाव्या डोळ्याला आठव्या वर्षापासून काहीच दिसत नाही. आणि हे हरीशला माहीत नव्हतं.

आज चार वाजता तिची पहिली स्पर्धा, वीस नेमांची, आणि हरीश त्याच्या आईला, भिकाबाईंना, घेऊन बघायला येणार होता. त्याच्या आधी सांगायचं, असं तिनं सोमवारी ठरवलं. मग बुधवारी. काल फोनवर तोंडापर्यंत आलं होतं, तेवढ्यात तो म्हणाला की आई नवं लुगडं नेसून येणार आहे, आणि मग कुठलं सांगायचं?

बाहेरून डोळा धड होता, अगदी उजव्यासारखा. बुबुळाला काही झालं नव्हतं, आतला पडदा फाटला होता. ती मामाकडे नांदेडला दोन महिने राहून परत आली तेव्हा गावानं बघितलं, डोळा जागेवर आहे, म्हणजे बरा झाला. पोरीच्या डोळ्याला ज्वारीचं धसकट लागलं होतं, देवाची कृपा म्हणून वाचली, असं साखरा गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि पुढं तेही विसरले. थकली की तो डोळा जरासा बाहेरच्या बाजूला सरकतो. म्हणून ती थकत नाही, निदान कुणासमोर नाही. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवते. बसताना डाव्या टोकाला बसते, म्हणजे सगळी माणसं उजवीकडं येतात. इतक्या वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलंय की यात लपवण्यासारखं काही आहे हेही मी कधी कधी विसरते... आणि मग कुणी डावीकडून हाक मारतं.

म्हणून तर नेमबाजीची रेंज आवडली. हळदीच्या गोदामामागचा पत्र्याचा हॉल, भिंतीपासून कपड्यांपर्यंत सगळ्याला हळदीचा वास, आणि तिथं ओळीनं उभी असलेली दहा-बारा धडधाकट माणसं, प्रत्येकाचा एक डोळा झाकलेला! पहिल्या दिवशी प्रेमसिंग सरांनी — फौजेत वीस वर्षं काढून आलेला माणूस, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणारा — दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून समोरचा दिवा बघायला सांगितलं. आता डावा मीट. दिवा आहे? आहे. आता उजवा मीट. दिवा गेला? गेला, ती म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं, दिव्याबरोबर हॉलही गेला होता. सर खूश. तुझा उजवा डोळा एकदम पक्का आहे, बाकीच्यांना इथं यायला महिने लागतात, म्हणाले. तिला हसू आलं आणि लाजही वाटली, परीक्षेत पेपर आधीच मिळाल्यासारखी. तिनं इतरांसारखी पट्टी लावून घेतली. आंधळ्या डोळ्यावर पट्टी! आई म्हणते तशी, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण परवा... परवाचं सारखं आठवत होतं. हरीशच्या घरी गेली होती. त्यानं गंमत म्हणून तो चष्मा स्वतः घातला, आरशात बघितलं, तिला नेम धरून दाखवला, आणि तसाच चष्म्यासकट चहाच्या कपाला हात घातला. हात दोन बोटं अलीकडंच थांबला, मग पुढं गेला तो थेट कपावर. चहा सगळा सतरंजीवर. तो हसत सुटला. "एका डोळ्यानं तर काहीच अंदाज येत न्हाई गं," तो म्हणाला, "माणूस कसा जगत आसंल?"

ती सतरंजी पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, सवय होते. तो म्हणाला, कशाची? ती म्हणाली, नेम धरायची. आणि भिकाबाई दारातून बघत होत्या, जरा जास्तच वेळ.

साधनानं चष्मा पुन्हा पिशवीतून काढला. अकरा वाजले होते. बाहेर अंगणात आबा, तिचे वडील, मोटारसायकल पुसत होते. तिला सेनगावपर्यंत सोडायचं काम त्यांचं, तिथून जीप. त्यांनी स्पर्धेबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. नेमबाजी सुरू केल्याला सहा महिने झाले, आबांनी पिस्तूल हा शब्दसुद्धा तोंडातून काढला नव्हता. तुझं ते, म्हणायचे. तुझं ते कधी हाय?

कारण धसकट नव्हतंच. ज्वारी हुरड्यात होती, पाखरांची झड लागली होती, आबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवत होते, आणि ती त्यांची भाकरी डोक्यावर घेऊन ज्वारीच्या उंच धांड्यांतून येत होती. हाक मारायला हवी होती. तिनं मारली नाही — तिला मधेच उगवून त्यांना दचकवायचं होतं. नुसता गोफणीचा आवाज आठवतो, फिरतानाचा, आणि मग दगड सुटल्याचा. दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीत आईनंच ठरवलं, धसकट म्हणायचं. पुढं त्यांच्या रानात कुणी पाखरं राखली नाहीत. दर साली कडेची ज्वारी पाखरं खातात, आबा बघत बसतात, आणि लोक म्हणतात उत्तमराव फार दयाळू माणूस.

हरीशला सांगायचं तर हेही सांगावं लागेल. का सांगावं लागेल? धसकट म्हणून सांग की. सगळं गाव तेच म्हणतं. पण एक खोटं काढून तिथं दुसरं ठेवायचं असेल तर पहिलंच काय वाईट होतं... चेन अर्ध्यावर अडली. तिनं ओढली, ती आणखी अडली.

मनकर्णा, तिची आई, डबा घेऊन आत आली. पिशवीत डब्याला जागा नव्हती, पण आईला असल्या अडचणी दिसत नाहीत. तिनं बूट काढून डबा खाली घातला आणि बूट वर कोंबले. साधना म्हणाली, आई, मी आज हरीशला सांगणार आहे. डोळ्याचं.

आईचा हात थांबला नाही. आजचा दिवस कशाला खराब करतीस, म्हणाली, नेमाला जाऊन ऱ्हायलीस का कबुलीला. मग चेन एका झटक्यात लावली — तिच्या हातानं ती नेहमी लागते — आणि म्हणाली, "त्याच्या आईला म्हाईत हाय."

"काय?"

"म्या सांगितलं व्हतं. सुपारीच्या आदीच. पोरीच्या जातीचं काम, उद्या कुनी बोललं तर? ती म्हनली, पोरीला वाटंल तवा पोरगीच सांगंल पोराला. आपुन मधी पडायचं न्हाई."

आठ महिने. आठ महिने भिकाबाई बघत होत्या. कपाच्या काठाला टेकलेली किटलीची चोच, डावं टोक, लवकर वळणारी मान, सगळं. ती लपवत होती आणि त्या वाट बघत होत्या. परवा दारात उभ्या होत्या त्या त्यासाठीच. आता सांगेल, आता सांगेल. आणि ही म्हणाली, नेम धरायची सवय! अंगभर लाज उतरत गेली, आणि त्या लाजेच्या मागोमाग राग.

"मला काहून नाही सांगितलंस?"

आईनं दाराकडं बघितलं. अंगणातला फडक्याचा आवाज थांबला होता. ती आवाज खाली आणून म्हणाली, "तू सांगाया बसलीस की सगळंच सांगशील. म्या तिला धसकटच म्हनलं हाय. त्या मानसाला या वयात कशाला तकलीफ?"

म्हणजे हे तिच्या लग्नासाठी नव्हतंच कधी. तिचं लग्न मोडू नये म्हणून घर इतकी वर्षं तोंड मिटून आहे असं ती समजत होती, आणि त्याचं ओझंही तिनंच वाहिलं होतं, आपल्यामुळे बिचार्‍यांना... पण झाकायचा होता तो आबांचा हात. तिचा डोळा मधल्या मधे झाकला गेला.

मोटारसायकल सेनगावच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना काढणीला आलेली तूर, रस्त्याचं काम, खडी. पिशवी दोघांच्या मधे होती आणि डब्याचा कोपरा तिच्या पोटात रुतत होता. आबांची पाठ समोर. इतक्या जवळून तिनं ती पाठ बर्‍याच दिवसांत बघितली नव्हती. शर्टाच्या कॉलरवर मानेचा घाम सुकून पांढरी रेघ उमटली होती. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते रडू नव्हतं.

रेंजवर नळी वर जाते, श्वास अर्धा सोडायचा, काळ्या गोलाच्या खाली पुढचा काटा स्थिर करायचा, आणि बोट आपोआप दाबलं गेलं पाहिजे, सर म्हणतात डोक्यात काही ठेवू नकोस. ती ठेवत नाही. पण छर्रा दहाच्या घरात बसला की आतून एक वाक्य उठतं, प्रत्येक वेळी उठतं, आणि प्रत्येक वेळी ती ते न ऐकल्यासारखं करून पुढचा छर्रा भरते. असा धरायचा असतो नेम. हे मी कुणाला म्हणते? सरांना नाही. हरीशला तर नाहीच. तिला वाटायचं, सगळ्यांचे डोळे झाकलेले असतात म्हणून तिला रेंज आवडते. ते खरं होतं, पण सगळं नव्हतं. ती तिथं एका माणसाला दाखवायला जाते, आणि तो माणूस तिथं कधीच नसतो.

माझा आबांवर राग आहे.

वीस वर्षांत हे वाक्य इतकं सरळ कधी आलं नव्हतं. तिला वाटलं, ते मोठ्यानं बोललं गेलं की काय; पण पाठ तशीच होती.

सेनगावला जीप भरत होती. तिनं पिशवी उतरवून घेतली, चप्पल नीट केली, आबा निघाले असतील असं समजून पुढं झाली. तेव्हा डावीकडून आवाज आला. "पाव्हनेबी येनार हायेत म्हनं बगायला."

तिनं अख्खी मान वळवली. आबा अगदी शेजारी उभे होते, गाडी कडेला लावून, किल्ली हातात.

"व्हय," ती म्हणाली.

"मंग म्या बी येऊ का?" ते किल्लीकडं बघत होते. "मागं कुठं तरी बसतो. कुनाला कळनार न्हाई."

आतून ती दोन्ही म्हणाली. या, आणि नको. ते आले तर हात हलेल. नाही आले तर आजचे वीसही नेम पुन्हा रिकाम्या खुर्चीला दाखवायचे. त्यांना ते कळेल का, प्रत्येक नेम कुणाला उद्देशून आहे ते? कळावं असं तिला वाटत होतं, आणि कळलं तर तो माणूस तिथंच बसल्या जागी खचेल याची भीतीही वाटत होती, आणि त्या भीतीच्या तळाशी थोडं, अगदी थोडं, बरंही वाटत होतं. याचीच तिला जास्त लाज वाटली.

"मागं नका बसू," ती म्हणाली. "पुढं बसा. हरीशच्या शेजारी."

ड्रायव्हरनं सरकून घ्या म्हणून आरडाओरडा केला. ती आत शिरली, आबा तिच्या मागून चढले आणि उरलेल्या जागेत बसले. ती जागा तिच्या डावीकडची होती. ते दिसत नव्हते, नुसता दंडाला दंड लागत होता आणि खड्डा आला की सुटत होता. हरीशला सांगायचं वाक्य तिनं आठ महिने घोकलं होतं, कुठं थांबायचं, कुठं हसायचं, सगळं. आता आधी ज्याच्याशी बोलायचं तो माणूस बदलला होता, तो डावीकडं बसला होता, आणि त्या वाक्यातला एकही शब्द त्याच्या कामाचा नव्हता.