मधली तुळई

संजीवने आयुष्यात एकदाच कुणालाही न विचारता एक चांगलं काम केलं, आणि नेमकं तेच त्याच्या अंगाशी आलं.

त्याची आई हेमलताबाई मिरजेला पडली, खुबा मोडला. आता चालण्याचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर संजीव तिला चेन्नईला घेऊन आला आणि आवडी या उपनगरातल्या आपल्या फ्लॅटमधली मागची खोली तिला दिली. ती आली खरी, पण अट घालूनच. "दिवाळीपर्यंत बघते. नाही करमलं तर मला मिरजेला तुझ्या मावशीकडे सोडायचं." मावशी स्वतःच गुडघ्यांनी बेजार. तिथे आईचं कोण करणार? आईला इथे करमलं पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

आणि करमेल कसं? दिवसभर पडून बघायचं काय, तर छत! तेसुद्धा आधीच्या मालकाने पुट्टीच्या ओल्या लेपावर स्पंज फिरवून केलेलं, फराट्यांचं आणि फुगवट्यांचं. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये संजीव मोबाईलवर देखण्या छतांचे फोटो बघू लागला. कडेने कॉर्निसची नक्षीदार पट्टी, मध्ये तीन लाकडी तुळया. आईचं मन कसं प्रसन्न होईल! बायको, स्वरदा, म्हणाली, "अरे, आईंना एकदा विचार तरी." पण साहेबांना सरप्राइज द्यायचं होतं.

आईला हॉलमधल्या दिवाणावर हलवलं आणि वेंकट नावाचा कारागीर कामाला लागला. छतावरून हात फिरवून त्याने तोंड वाकडं केलं. "रफ है सार. कॉर्निस बैठेगा नहीं, गॅप आएगा." मग त्याने भिंतीलगतचा पट्टा खरवडून सपाट केला, कॉर्निस चिकटवली, उरल्यासुरल्या फटी भरल्या. तुळया नुसत्या दिखाऊ, आतून पोकळ. छताला आधी पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांवर लाकडासारखी रंगवलेली लांब खोकी चढवायची. काम झकास झालं. संजीवने खोलीचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवूनही टाकले.

आईला पलंगावर निजवलं. तिने वर पाहिलं, पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मला मिरजेला सोड."

संजीव पलंगाशी वाकला. "अगं, झालं काय?"

"तुळईखाली झोपू नये. एवढंही माहीत नाही तुला?"

संजीवने कपाळावर हात मारला. खरंच की! लोक पैसे मोजून तुळया झाकतात आणि याने हौसेने आईच्या डोक्यावरच एक आणून ठेवली. पण उपाय सोपा होता. "पलंग सरकवतो."

"पलंग हलवायचा नाही."

"बरं, मग तुझ्या वरची तुळई काढतो."

"ती राहू दे. मधली काढ."

आता मात्र त्याचं डोकं चक्रावलं. मधली तुळई पलंगाच्या बरीच पलीकडे, खिडकीच्या बाजूला. तिच्याखाली झोपणार कोण? जी डोक्यावर आहे ती चालते आणि जी नाही ती चालत नाही, हे कुठलं शास्त्र? त्याने स्वरदाला विचारलं, तिने खांदे उडवले. वेंकटला फोन केला, तर वेंकट हसायलाच लागला. शेवटी संजीवने हात टेकले आणि रविवारी ती तुळई उतरवायला लावली.

खोकं सहज निघालं. पट्टी निघेना. वेंकटने जोर लावला तशी ती आली, पण येताना वीतभर रुंदीची पुट्टी घेऊनच आली. छताला आडवा, करडा, बोडका पट्टा पडला. आई बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"गेलं सगळं."

"काय गेलं? आई, काय असेल ते एकदा सांगून टाक, माझं डोकं फुटायची वेळ आलीय!"

"हसशील."

"नाही हसत."

"मग इथे पड माझ्याशेजारी."

संजीव आडवा झाला. वेंकट शिडीवर तसाच उभा.

"तो दारावरचा फुगवटा दिसतो? ते आपलं मिरजेचं घर. तिथून तो फराटा जातो ना, ती गल्ली. तो गोल गणपतीचा पार. पुढे वळलं की मंडई. रोज सकाळी मी एक फेरी मारून येते. म्हणून तर करमत होतं मला इथे. तुझी तुळई आली आणि मंडईपासून पुढचा रस्ताच बंद झाला."

संजीवला आधी नुसतीच पुट्टी दिसली. मग फुगवटा दिसला, मग गल्ली. आपण किती मूर्ख आहोत, असं वाटून त्याला लाज वाटली.

त्याने वेंकटला नवी पुट्टी कालवायला सांगितली. आई पडल्या पडल्या मराठीत सांगू लागली, संजीव मोडक्यातोडक्या हिंदी-तमिळमध्ये ते वर पोचवू लागला आणि वेंकट गोंधळलेल्या चेहऱ्याने स्पंज फिरवू लागला.

"थोडं डावीकडे घे म्हणावं."

"लेफ्टा, अम्मा?"

"हां. इथे पिठाची गिरणी. उंच कर जरा. आता उतार. आता थांब! इथे काही करू नको, मोकळं सोड."

"सगळं खडबडीत आणि इथेच सपाट? काय आहे तिथे?" संजीवने विचारलं.

"तुझी शाळा. सुटेपर्यंत मी बाहेर उभी असायची ना? उभं राहायला जागा नको?"

वेंकट खाली वाकून विचारत होता, काय करू सार?  संजीवने हातानेच दाखवलं, की एवढी जागा मोकळी सोड.