चाकाखालचं लिंबू

दृष्ट लागू नये म्हणून शुभाने नव्या मोटारसायकलच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. तिच्या नवऱ्याने, पन्नाशीच्या अनंतने, ते चिरडून मुलुंडच्या सोसायटीतून ऐटीत बाहेर पडायचं, एवढंच बाकी होतं. गॅलऱ्या भरल्या. आठवडाभर हाच शहाणा ऑफिसातल्या नवशिक्यांना शिकवत होता, "क्लच कसा सोडायचा? तान्हं बाळ पाळण्यात ठेवतो तसा!"

आज त्याने बाळ धाडकन आपटलं. गाडीला आचका बसला आणि ती जागच्या जागी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. लिंबाला साधा ओरखडाही नाही.

"काका, धक्का मारू का?" वरून कुणीतरी ओरडलं.

अनंत उतरला. लिंबू उचलून, शर्टाला पुसून त्याने शुभाच्या हातात दिलं.

"सरबत कर गं. आपल्याला कुणाची दृष्ट लागतेय!"