सलामाच्या पायातली बेडी

मी लोखंडाची बेडी बोलतेय. कौतुकाने हात लावू नका, मी त्या लायकीची नाही.

भिलाईत, कोहक्यातल्या कृष्णरावांच्या बैठकीत मी खिळ्याला लटकते. जन्म मात्र आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. पहिल्यांदा मला ठोकलं ते याकोब नावाच्या सात वर्षांच्या पोराच्या पायात. इंग्रजांनी त्याला नेणारं गुलामांचं गलबत पकडलं आणि त्याला सोडवून नाशकाला आणलं. तिथं तो मराठी शिकला, लोहारकाम शिकला. पुढे मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची वस्ती वसली, तेव्हा त्याला तिकडे पाठवलं. मी त्याच्या पेटीत होतेच.

नाशकाहून गेलेली माणसं तिथं साहेब झाली. बूट घालायची, मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना ओळख द्यायची नाहीत. मला त्यांचा भारी राग यायचा.

सलामा अशीच पळून आली. पाठीवरचे चाबकाचे वळ अजून ओले होते. मालकाचा निरोप आला, बाई परत द्या, नाहीतर वस्ती जाळतो. पंच घाबरले. निकाल होईपर्यंत तिला बांधून ठेवा म्हणाले. याकोबाने मला तापवून तिच्या घोट्याइतकं रुंद केलं, कुलूप घातलं आणि माझ्या साखळीचं दुसरं टोक खांबाला अडकवलं.

"निकाल लागला की काढतो," तो म्हणाला.

निकालाआधीच मालकाची माणसं तलवारी घेऊन आली. सगळे झाडीत पळाले. याकोबही पळाला, किल्ली त्याच्याच खिशात. सलामाने मला दोन्ही हातांनी ओढलं, घोट्याची कातडी सोलून निघाली. त्यांनी तिला खांबापाशीच तोडलं. तिचं रक्त माझ्या बिजागरीत शिरलं.

बऱ्याच वर्षांनी रेल्वे बांधायला नागपूरकडचा एक मिस्त्री तिथं आला. त्याचं मराठी ऐकून याकोब रडला. मला त्याच्या हाती देऊन म्हणाला, "हिला वितळवू नका. मी काय केलं ते लोकांना सांगा." तो मिस्त्री कृष्णरावांचा पंजोबा.

परवा त्यांची नात मोना मला भंगारात काढायला निघाली.

"आबाजी, हे कावून ठेवून राहिले? कबाडीवाला बाहेर उभा आहे."

"थांब पोरी. आपल्या पंजोबानं ह्याच बेडीतून एका बाईले सोडवलं होतं. तलवारवाल्यांशी लढून."

"सच में?" मोनाने मला पुसलं, फोटो काढला आणि परत टांगलं.

चार पिढ्यांनी तिखटमीठ लावलेल्या त्या खोट्याने मला वाचवलं.

मोना, वाटलं तर मला खुशाल भट्टीत घाल. पण आधी आबाजींना सांग, ती बाई सुटली नाही. सलामा तिचं नाव. तिला पळता येत होतं, मी सोडलं नाही.