पोहरा सोडण्याआधी

"नीकितास! अरे लवकर ये, तुमच्या पाण्यात साप आहे!"

अनेलीस घाबरून ओरडत होती की आनंदानं, ते मला कळेना. ती हॉलंडची. आमची भाषा शिकवणी लावून शिकलेली, दर सप्टेंबरला बेटावर आमच्याकडे राहायला येणारी. मी माझ्या पोरीला, मोस्खूलाला, कडेवर घेऊन अंगणात धावले. टाक्याच्या तोंडाशी पोहरा आडवा पडला होता, आणि ओल्या फरशीवर मनगटाएवढं जाड, काळंभोर काहीतरी वळवळत होतं.

"साप नाही, वाम मासा आहे," माझा नवरा नीकितास म्हणाला. "म्हातारी आहे. काही करत नाही."

"ह्या पाण्यात राहते?"

"राहते. किडे-अळ्या खाते, म्हणून तर पाणी स्वच्छ असतं."

"म्हणजे तुमचा फिल्टर जिवंत आहे!" अनेलीसनं टाळीच वाजवली.

मी टाळी वाजवली नाही. टाक्यात वाम आहे हे लग्न झाल्यापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि फरशीवर दिसणं वेगळं. माझ्या खांद्यावर पोरीचं डोकं तापलेलं होतं. परवापासून तिला जुलाब होत होते.

तेवढ्यात सासरे शेळ्या सोडून आलेच. झान्नीस नाव त्यांचं. त्यांनी ओलं गोणपाट टाकलं, वामेला दोन्ही हातांनी उचललं, न्हाऊ घातलेलं मूल उचलावं तसं, आणि पोहऱ्यात घालून अलगद खाली सोडलं. मग अनेलीसकडे वळले.

"बाई, ठोकलं नाहीत ना?"

"काय ठोकायचं?"

त्यांनी पोहरा काठाच्या दगडावर वाजवला. टक, टक. "दुसऱ्याच्या घरात शिरताना दार वाजवतो ना आपण? तसं. मग ती बाजूला सरकते."

बिचारीची काय चूक! आमच्याकडे उतरणाऱ्यांना मी सगळं सांगते. वीज सूर्य देईल तेवढीच, संडासात पाणी नाही भुसा टाकायचा, आंघोळ एका बादलीत. एवढं मात्र कधी सांगितलं नव्हतं. वामेचं कळलं तर लोक पाणी पिणार नाहीत, असं नीकितासचं म्हणणं. एरवी ती खोल असते. पण आमच्याकडे उन्हाळाभर पाऊस नाही, सप्टेंबरात टाकं तळाशी गेलेलं असतं. न ठोकता पोहरा सोडला, तो नेमका तिच्यावर.

जेवायच्या आधी मी सासऱ्यांना गाठलं. "बाबा, ती वाम काढा टाक्यातून."

मी भांडायच्या तयारीनं आले होते. ते मोस्खूलाच्या पायावर हात ठेवून म्हणाले, "बरं. उद्या काढतो."

भांडला तो नीकितास. भट्टीत चण्यांचं मडकं सरकवता सरकवता, हळू आवाजात.

"अरेती, आईनं आणलेली आहे ती."

"ठाऊक आहे. तुझ्या आईचंच नाव माझ्या पोरीला आहे, आणि तिला जुलाब होतायत."

"डॉक्टरीण म्हणाली ना, दात येतायत म्हणून?"

"पाण्याकडे लक्ष द्या, असंही म्हणाली."

"पाणी तर तू उकळतेसच!"

"उकळते. म्हणून काय डोळे मिटून घेऊ?"

त्यानं मडक्यावर राग काढला. आदळलं, नशिबानं फुटलं नाही.

माझ्या सासूबाईंचं नाव मोस्खा; मोस्खूला म्हणजे छोटी मोस्खा. नीकितास पोटात होता तेव्हा त्यांनी खालच्या ओढ्यातून दोऱ्याएवढं पिल्लू बरणीत घालून आणलं होतं. टाक्याला राखण हवी, म्हणाल्या. तेव्हापासून बाबांची सकाळ त्या काठावर सुरू होते. सैन्यातली सक्तीची नोकरी सोडली तर हे बेट सोडून ते कुठे राहिले नाहीत. डोंगरउतारावरचे हे सगळे दगडी बांध त्यांनी रचलेले. गोठ्याच्या खोल्या करायच्या आणि परदेशी माणसं ठेवायची हे आमचं वेड. ते त्यांनी हसत सोसलं. "पैसे मोजून अंधार विकत घेतात," ते पाहुण्यांबद्दल म्हणतात, "चांगली माणसं आहेत, जरा जास्त मध घाल त्यांना."

सासूबाई गेल्यावर मी ऐकायची, ते टाक्याशी बोलत असायचे. ठोकायचं, "सर गं बाजूला" म्हणायचं, आणि दोर ओढता ओढता गावात कोण आजारी आहे, वारा आज कुठला आहे, अंजिरं कशी आलीत, सगळं खाली पोचवायचं. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना लागते तशी सवय.

दुसऱ्या दिवशी ऊन टेकडीआड गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. मोस्खूला आता उतरून चालत होती. सकाळपासून पोट शांत होतं. घंगाळात वाम गोल पडली होती.

"अरेती, हिचे डोळे बघ."

मी लांबूनच पाहिलं. डोळे मोठे होते, कोटाच्या बटणांएवढे. पोट चांदीसारखं.

"आधी अशी नव्हती. पिवळी होती, डोळे बारीक. मोस्खा म्हणायची, वामेला शेवटी समुद्रातच जायचं असतं; डोळे मोठे झाले की समजायचं, हिला आता समुद्र दिसायला लागला. मग ठेवायचं नाही."

"कधीपासून झालेत?"

"गेल्या सप्टेंबरात." त्यांनी गोणपाट भिजवून पिळलं, पुन्हा भिजवलं. "तेव्हा मोस्खाला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. माझ्यानं झालं नाही गं. वर्षभर म्हणतोय, उद्या सोडू, उद्या सोडू. तू म्हणालीस ते बरं झालं."

माझा सगळा जोर गेला. "राहू दे मग, बाबा. पाणी मी उकळतेच की."

"नको."

"खरंच राहू दे. पोरीचे दातच येत असतील."

"अगं, तिला बाहेर जायचंय," ते म्हणाले. "मला गप्पा मारायला कुणी हवं म्हणून तिला कोंडून ठेवू? धर ती कडी."

घंगाळाची एक कडी त्यांनी धरली, एक मी. बांधांच्या मधल्या पायवाटेनं उतरताना पाणी माझ्या पायांवर डचमळत होतं, आणि मी, जिला कालपर्यंत त्या प्राण्याची किळस येत होती, सारखी म्हणत होते, "हळू बाबा, हळू, तिला लागेल." मागून नीकितास पोरीला खांद्यावर घेऊन. अनेलीस सगळ्यांच्या मागे. फोन तिनं खिशातच ठेवला होता.

आठवडाभर सुटलेला उत्तरेचा वारा पडला होता. बाबा पँटसकट समुद्राच्या गुडघाभर पाण्यात गेले आणि त्यांनी घंगाळ कलंडवलं. वाम त्यांच्या घोट्याभोवती क्षणभर राहिली. त्यांनी पाय हलवला नाही. मग ती दिसेनाशी झाली.

"घरी?" मोस्खूलानं खांद्यावरून विचारलं. तिला तो एकच प्रश्न येतो.

"हो बाळा," आजोबा म्हणाले, "घरी."

येताना घंगाळ हलकं होतं, तरी दुसरी कडी त्यांनी मला सोडू दिली नाही.

परत आल्यावर पोरीच्या पायांची वाळू धुवायला पाणी हवं होतं. बाबांनी पोहरा घेतला, काठावर वाजवला. टक, टक. थांबले. कुणाला बाजूला सरकायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. मग दोर सोडला. खाली काही सांगितलं नाही.

पाणी मी अजून उकळते. पोरीचं पोट बरं आहे, दोन दाढा वर आल्यात. वाम गेल्यापासून टाक्यात अळ्या दिसतात. नीकितासनं तोंडावर बारीक जाळी बसवली आहे आणि मला टोमणा मारायचं कटाक्षानं टाळतो आहे.

परवा नवे पाहुणे आले, एक मास्तर आणि त्यांची बायको. मी नेहमीसारखं विजेचं सांगितलं, भुशाचं सांगितलं, मग त्यांना टाक्याशी नेलं.

"पाणी स्वतः ओढलंत तरी चालेल. फक्त पोहरा सोडण्याआधी इथं दोनदा ठोका."

"का? खाली कुणी असतं का?"

पलीकडे भिंतीवर बसून बाबा वाळलेल्या कांद्यांची वेणी घालत होते. त्यांचे हात थांबले.

"नाही," मी म्हटलं. "पण ठोका."

मास्तरांनी ठोकलं. रिकाम्या टाक्यात आवाज बराच वेळ घुमला. तो पुरता विरेपर्यंत बाबा तसेच बसून राहिले, आणि मग पुढचा कांदा वेणीत घेतला.